लोड कमी केला तरी ट्रिप का होतंय? नाट्यगृहातल्या एलईडी हाऊस लाइटची भानगड

गेल्या चार-पाच वर्षांत हा एकच प्रॉब्लेम मला वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकायला मिळालाय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. कधी मंगल कार्यालयवाला सांगतो, कधी मॉलचा मेंटेनन्सवाला, कधी शाळेचा हॉल, पण वाक्य तेच, "साहेब पूर्वी शंभरचे बल्ब होते तेव्हा कधी पडलं नाही, आता पंधरा वॅटचे एलईडी लावले आणि एमसीबी पडते." आणि पुढचं वाक्य पण ठरलेलं, "मग आम्ही मोठी एमसीबी टाकली."

एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा सर्किटचा स्विच. ती मोठी एमसीबी आधी काढा. बाकीचं नंतर वाचा.

उदाहरण म्हणून एका तालुक्याच्या गावातलं नाट्यगृह घेतो, नाव नको. ऐंशीच्या दशकातलं बांधकाम, सातशेच्या आसपास खुर्च्या, बाल्कनी वेगळी. हाऊस लाइट म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यावरचे दिवे एकूण ९६, तिन्ही फेजवर ३२-३२ वाटलेले. जुना हिशोब सोपा, ३२ बल्ब गुणिले १०० वॅट म्हणजे ३२०० वॅट, १४ अँपिअरच्या आत, पूर्वी किटकॅट फ्यूज होते नंतर कोणीतरी सी कर्व्हची १६ अँपिअरची एमसीबी टाकली, सगळं बरोबर. मग वीज वाचवायच्या योजनेत १५ वॅटचे एलईडी आले. ३२ गुणिले १५ म्हणजे ४८० वॅट, फेजला फार तर अडीच अँपिअर. कागदावर बघितलं तर १६ ची एमसीबी आयुष्यात पडायला नको. आणि ती पडायची बरोबर मध्यंतराला, कारण मध्यंतराला काळोखातून सगळे दिवे एकदम लागतात, आणि अंधारात सातशे माणसं वडापावच्या ओढीने दाराकडे निघालेली असतात.

गंमत म्हणजे रोज पडायची नाही. दहा वेळा लावले तर दोनदा-तीनदा. त्यामुळे तिथल्या वायरमनने एमसीबी खराब म्हणून दोनदा बदलली, कंपनी बदलली, शेवटी वैतागून ३२ ची टाकली. आतली वायर अडीच स्क्वेअर एमएम, तीही एकाच पाइपात बऱ्याच सर्किटच्या वायरी कोंबलेल्या, अशा गर्दीत त्या वायरवर २० अँपिअरच्या वर भरवसा ठेवायचा नाही. तिच्यावर ३२ ची एमसीबी म्हणजे उद्या खरंच काही झालं तर एमसीबी बसून बघणार आणि वायरच फ्यूजचं काम करणार, तेही लाकडी सीलिंगच्या आत. ८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेलं, तेव्हापासून जुन्या नाट्यगृहाच्या सीलिंगमध्ये चढलो की माझा हात जरा जास्तच सावध असतो. असो.

आता पडते का ते बघू. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे दिव्याला लागणारा सप्लाय बनवून देणाऱ्या सर्किटमध्ये, इनपुटला कपॅसिटर असतो. दिवा बंद असताना तो रिकामा, स्विच मारला की तो एका झटक्यात भरून घेतो आणि त्या क्षणापुरता तो जवळजवळ शॉर्टसारखाच वागतो. नेहमीचा करंट अँपिअरच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असलेला ड्रायव्हर त्या झटक्यात २०-३० अँपिअर सहज ओढतो, फक्त शे-दोनशे मायक्रोसेकंद. एकट्या दिव्याचं काही बिघडत नाही. पण एकाच काँटॅक्टरवर (कॉइलने चालणारा मोठा स्विच) ३२ दिवे असले तर बत्तीसही जण एकाच क्षणी ओढतात. वायरच्या रेझिस्टन्समुळे पूर्ण बेरीज होत नाही, पण काही शे अँपिअरचा टोकदार झटका बसतोच. सी कर्व्हची एमसीबी रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला झटक्यात पडते, म्हणजे १६ ची असेल तर ८० ते १६० अँपिअर. झटका फार बारीक म्हणून बऱ्याचदा ती सोडून देते, कधी कधी नाही सोडत.

आणि हे "कधी कधी" का, तर स्विच मारला तेव्हा व्होल्टेजची लाट कुठे होती त्यावर सगळं अवलंबून. शून्याजवळ असताना लागला तर कपॅसिटर आरामात भरतो, शिखरावर म्हणजे ३२५ व्होल्टला लागला तर धाडकन. हे माणसाच्या हातात नाही, त्यामुळे ट्रिप होणं नशिबासारखं वाटतं आणि लोक एमसीबी बदलत बसतात. तुमच्याकडे एमसीबी फक्त लावतानाच पडते, एकदा लागल्यावर चार तास काही होत नाही, आणि परत वर केली की बसते, असं असेल तर नव्वद टक्के हेच. लागल्यावर दहा-वीस मिनिटांनी पडत असेल तर हा रोग नाही, तिथे लूज कनेक्शन किंवा खरा ओव्हरलोड शोधा.

यातच दुसरी खूण म्हणजे काँटॅक्टर चिकटणं. त्या नाट्यगृहात एकदा तिसरी घंटा झाली, पडदा उघडायची वेळ झाली आणि एका फेजचे हाऊस लाइट बंदच होईनात! काँटॅक्टरच्या कॉइलचा सप्लाय गेला होता पण आतले पॉइंट त्या झटक्यांनी वितळून एकमेकांना धरून बसलेले. शेवटी डीबीतून, म्हणजे एमसीबींच्या डब्यातून, एमसीबी खाली पाडली तेव्हा नाटक सुरू झालं. कलाकारांनी वायरमनला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उपाय काय? लोक पहिली उडी मारतात डी कर्व्हच्या एमसीबीवर, कारण ती १० ते २० पट करंटपर्यंत दम धरते. चालतं, पण आधी लूप इम्पिडन्स मोजा, म्हणजे शॉर्ट झाल्यावर करंट ज्या वाटेने फिरतो तिचा एकूण अडथळा. डी कर्व्ह १६ ला झटक्यात पाडायला ३२० अँपिअर लागणार, म्हणजे २३० भागिले ३२०, फॉल्टच्या वाटेचा इम्पिडन्स ०.७२ ओहमच्या आत पाहिजे. सी कर्व्हला हाच आकडा १.४४ ओहमपर्यंत चालतो. जुन्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीच्या टोकाला जाऊन मोजलं तर ०.७२ मिळेलच असं नाही, आणि नाही मिळालं तर खऱ्या शॉर्टच्या वेळी एमसीबी झटक्यात पडणार नाही. तिथे आम्हाला बाल्कनीत १.१ आलं, म्हणून डी कर्व्हचा विषय तिथेच संपला.

मग आम्ही दिवे फोडले, म्हणजे गटांत वाटले हो. फेजच्या ३२ दिव्यांचे ८-८ चे चार गट, प्रत्येक गटाला छोटी ६ अँपिअरची एमसीबी आणि स्वतःचा काँटॅक्टर, आणि मध्ये टायमर, एक गट लागला की पाव सेकंदाने दुसरा. प्रेक्षकांना वाटतं दिवे छान लहरत लागले, खरं कारण आपल्याला माहिती. जिथे काँटॅक्टर वाढवायला डीबीत जागाच नसते तिथे इनरश लिमिटर मिळतात, डीआयएन रेलवर बसतात, सुरुवातीचे काही मिलीसेकंद रेझिस्टन्स मध्ये घालतात आणि मग स्वतःच बायपास होतात. आणि नवीन काम करत असाल तर ड्रायव्हरची डेटाशीट मागा, चांगल्या कंपन्या सरळ तक्ता देतात की बी १६ वर इतके, सी १६ वर इतके ड्रायव्हर. सप्लायर म्हणाला डेटाशीट नाही, तर दुसरा सप्लायर बघा. इतकं सोपं आहे ते.

हे झालं आणि दोन महिने शांतता. मग आला पाऊस.

आता एमसीबी नाही तर आरसीसीबी पडायला लागली, म्हणजे अर्थला करंट गळला की पडते तो स्विच. विद्युत निरीक्षकांच्या शेऱ्यानंतर तिथे प्रत्येक फेजच्या हाऊस लाइटला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवली होती, ते बरोबरच होतं. पण ड्रायव्हरमध्ये रेडिओचा गोंगाट थांबवायला फिल्टर असतो, त्याचा छोटा कपॅसिटर अर्थकडे जोडलेला असतो, त्यातून प्रत्येक दिवा चांगल्या तब्येतीत असतानाही थोडा करंट अर्थला सोडतो. आमच्या दिव्यांचा अर्धा मिलीअँपिअर निघाला. ३२ दिवे म्हणजे १६ मिलीअँपिअर. आणि ३० ची आरसीसीबी ३० लाच पडते असं समजू नका, १५ च्या पुढे ती कुठेही पडू शकते, स्टँडर्डमध्येच तशी मुभा आहे. म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा ती काठावर बसलेली, पावसाळ्यात गच्चीच्या बाजूच्या जंक्शन बॉक्समध्ये ओल आली आणि दोन-चार मिलीअँपिअरची भर पडली की गेलीच. लोक मग ओल शोधत फिरतात, ओल मिळते पण, ती सुकवतात, आठ दिवस चालतं, परत पडते. खरा प्रॉब्लेम ओल नव्हतीच, आधीच घडा भरलेला होता.

आयईसीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय वीज मानकांचा, नियम असा की कायमचं लीकेज आरसीसीबीच्या रेटिंगच्या ३० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे ३० ला ९ मिलीअँपिअर. आमच्या दिव्यांच्या हिशोबाने एका आरसीसीबीवर १८ दिवे, बस्स. म्हणून प्रत्येक फेजला एकाऐवजी दोन आरसीसीबी झाल्या, प्रत्येकीखाली दोन गट म्हणजे १६ दिवे, ८ मिलीअँपिअर. काही जण ३० काढून १०० किंवा ३०० ची टाकतात, ती आगीपासून राखते पण शिडीवर चढून दिवा बदलणाऱ्या माणसाला वाचवत नाही, मला ते पटत नाही. आणि टाइप एसीची आरसीसीबी असेल तर ती काढून टाइप ए घ्या, ड्रायव्हरसारख्या इलेक्ट्रॉनिक लोडच्या फॉल्टमध्ये डीसीचे तुकडे मिसळलेले असतात, टाइप एसी तिथे आंधळी होऊ शकते.

मोजायचं कसं ते सांगतो कारण इथेच बहुतेक जण अडकतात. साधा क्लॅम्प मीटर चालत नाही, मिलीअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प पाहिजे, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र जबड्यात घ्यायच्या, जो फरक दिसेल ते लीकेज. एक एक गट लावत जा आणि आकडा लिहीत जा. प्रत्येक गटाला सारखीच वाढ दिसली तर ते फिल्टरचं नैसर्गिक लीकेज, एकाच गटाला भलतीच उडी दिसली तर त्या गटात इन्सुलेशन गेलंय. मग मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज सोडून इन्सुलेशन तपासणारा मीटर. मेगर मारताना ड्रायव्हर सोडवून घ्या, ते शक्य नसेल तर फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून त्यांच्यात आणि अर्थमध्ये मारा. फेज-न्यूट्रलमध्ये ५०० व्होल्ट सोडलेत तर दिव्यांची माती होईल, आमच्या एका पोऱ्याने एका दुपारी अकरा ड्रायव्हर उडवलेत.

अजून एक लपलेला चोर म्हणजे न्यूट्रल. आरसीसीबीच्या पुढे कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो किंवा एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीच्या बसबारवर जोडलेला असतो. जुन्या बिल्डिंगमध्ये "न्यूट्रल काय, सगळीकडे एकच" म्हणून कोणीही कुठेही लूप मारलेला असतो. खूण अशी की एका आरसीसीबीवरचा दिवा लावला की दुसरी पडते किंवा दोन्ही पडतात. यावर शॉर्टकट नाही, सगळे न्यूट्रल सोडवा, एक एक वाजवून, म्हणजे कुठली वायर कुठे जाते ते मीटरने तपासून, नंबर टाका. आम्हाला दीड दिवस लागला. बाल्कनीचे दोन न्यूट्रल तिकीट खिडकीच्या डीबीत सापडले, ते तिथे का गेले हे विचारायला ज्याने जोडले तो माणूस कधीच रिटायर झालेला.

याच शोधात एक जुनं गूढ पण सुटलं. तिथला वॉचमन सांगायचा की रात्री दोनला बाल्कनीतले दिवे आपोआप मिणमिणतात, आणि त्याने त्याची एका जुन्या नटाशी सांगड पण घालून टाकली होती. बाल्कनीचे चार-पाच दिवे जिन्यातल्या टू-वे स्विचवर होते, त्या स्विचना इंडिकेटरचा छोटा निऑन होता आणि दोन स्विचमधल्या वायरी तीस-पस्तीस मीटर शेजारी शेजारी धावत होत्या. निऑनमधून आणि शेजारच्या वायरीच्या कपॅसिटन्समधून जो थेंब थेंब करंट जातो तेवढ्याने १०० वॅटच्या बल्बला काही होत नसे, एलईडीला मात्र तेवढं मिणमिणायला पुरतं. निऑन काढले, शेवटच्या दिव्याला एक बायपास कपॅसिटर समांतर लावला, नट महाशय गेले. तुमच्याकडे असं होत असेल तर त्याआधी टेस्टर लावून बघा की स्विचमध्ये फेजच तुटतोय ना, न्यूट्रल तुटत असेल तर आधी ते सरळ करा कारण बंद दिव्यालाही फेज राहतो आणि दिवा बदलणाऱ्याला झटका बसतो.

आता तिसरा आणि खरा धोकादायक प्रकार, ज्याचा दोष एलईडीला उगाच मिळाला. एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला एका फेजचे हाऊस लाइट भक्कन प्रखर झाले, दुसऱ्याचे मंद, आणि पाच मिनिटांत वीस-पंचवीस ड्रायव्हर मेले. व्होल्टेज मोजलं तर एका फेजला २९० च्या वर, एकाला १७०. न्यूट्रल सुटल्याशिवाय असं होत नाही. स्टेज पॅनेलला जाणाऱ्या मेन केबलच्या न्यूट्रलचा लग (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) जळून कोळसा झाला होता आणि हाऊस लाइटचं डीबी त्याच पॅनेलवरून घेतलेलं.

केबल बघितली, साडेतीन कोअर, ३५ स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियम. साडेतीन कोअर म्हणजे न्यूट्रल निम्मा, इथे १६ स्क्वेअर एमएम. त्या काळात शिकवलंच असं जायचं की तिन्ही फेज सारखे भरले की न्यूट्रलमध्ये काही उरत नाही. बल्ब आणि मोटारीला ते बरोबर आहे. पण स्टेजच्या दिव्यांना डिमर आहेत, आणि डिमर लाटेचा तुकडा कापून देतो, त्यातून १५० हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या तिप्पट वेगाची लाट, निघतो, आणि तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाहीत तर बेरीज होतात. प्रत्येक फेजमध्ये ३३ टक्के तिसरा हार्मोनिक असेल तर फेज अगदी बॅलन्स असूनही न्यूट्रलमध्ये जवळजवळ फेजइतकाच करंट. डिमर अर्ध्यावर असताना तर त्याहून वाईट. आम्ही नवीन लग लावून रात्रीच्या प्रयोगात मोजलं, फेजला ५२, ४९, ५५ आणि न्यूट्रलला ६८ अँपिअर! निम्म्या जाडीच्या तारेला सगळ्यात जास्त ओझं. आणि न्यूट्रलला एमसीबी नसते, त्यामुळे कोणी ओरडतही नाही, फक्त लग हळूहळू भाजत राहतो.

इथे साधा क्लॅम्प मीटर फसवतो. स्वस्तातले मीटर लाट गुळगुळीत आहे असं धरून आकडा देतात, कापलेल्या लाटेला कमी दाखवतात. ट्रू आरएमएस लिहिलेला मीटरच वापरा. आमच्या वायरमनच्या मीटरने तोच ६८ चा करंट ५० दाखवला होता, त्यामुळे तो बिचारा निश्चिंत होता.

ती केबल काढून चार कोअर ७० स्क्वेअर एमएम टाकली, न्यूट्रल पूर्ण जाडीचा, कॉपर बसबारला बायमेटल लग आणि नीट क्रिम्पिंग, हातोड्याने ठोकून नाही. हाऊस लाइटचा फीडर मेन पॅनेलवरून वेगळा घेतला, म्हणजे उद्या स्टेजकडे काही झालं तरी लोकांना बाहेर पडायला उजेड राहील. हे खरं तर पहिल्या दिवशीच वेगळं असायला पाहिजे होतं. आणि चालू लाइनवर न्यूट्रलचा लग कधीही सोडू नका, "फक्त घट्ट करतोय" म्हणून सुद्धा नाही.

पंधरा वॅटचे एलईडी यात निर्दोष होते असं मात्र नाही. २५ वॅटच्या आतल्या दिव्यांना हार्मोनिकचे नियम बरेच सैल आहेत, त्यामुळे स्वस्त ड्रायव्हर बिनधास्त घाण करतात. इथे फेजला करंटच अडीच अँपिअर होता म्हणून ती घाण दिसली नाही. मॉल किंवा ऑफिसमध्ये जिथे हजार-दोन हजार छोटे दिवे असतात तिथे हाच हिशोब लावून न्यूट्रल बघा. आणि पॅनेलमध्ये जुन्या लोडच्या हिशोबाचे कपॅसिटर तसेच राहिले असतील तर तेही बघा, लोड कमी झाल्यावर पॉवर फॅक्टर लीडिंगला जातो आणि केव्हीएएच बिलिंग (ज्यात पॉवर फॅक्टरही धरला जातो) असेल तर वाचलेल्या विजेतला काही भाग बिलात परत जातो.

राहिला नाटकवाल्यांचा राग. पूर्वी तिसऱ्या घंटेला हाऊस लाइट डिमरवर हळूहळू मावळायचे, एलईडी आल्यावर ते फट्कन जायला लागले. मधे कोणीतरी तेच जुने ट्रायॅकचे डिमर एलईडीला जोडून बघितले, दिवे फडफडले, काही गुणगुणले, काही खाली येता येता मधेच विझले. तो डिमर हजार-दोन हजार वॅटच्या हॅलोजनसाठी बनलेला, त्याला धरून ठेवायला किमान लोड लागतो, एलईडी तेवढा देत नाही. डिमेबल लिहिलेला एलईडी असला तरी कोणत्या डिमरबरोबर ते बघावंच लागतं.

तिथे योग्य उत्तर डाली आहे, म्हणजे दिव्यांना डिजिटल हुकूम पाठवायची पद्धत. प्रत्येक दिव्याला डाली ड्रायव्हर, दोन कंट्रोल वायरी, एका लाइनवर ६४ दिवे म्हणजे आपल्या ९६ ला दोन लाइन, लाइनची लांबी ३०० मीटरच्या आत. कंट्रोलच्या वायरी मेन सप्लायच्याच इन्सुलेशनच्या असतील तर त्याच पाइपातून जाऊ शकतात, जुन्या बिल्डिंगमध्ये भिंती फोडायच्या नसतात तेव्हा हा फार मोठा फायदा. आणि डालीमध्ये मेन सप्लाय चालूच राहतो, दिवा बंद होतो तो आतून, म्हणजे मध्यंतराचा तो झटका उरतच नाही आणि काँटॅक्टरचे पॉइंटही चिकटत नाहीत. लीकेजचा हिशोब मात्र तसाच राहतो, आरसीसीबीची वाटणी करावीच लागते. आम्ही एस्टिमेट दिलंय, मंजुरी यायचीय, तोपर्यंत टायमरवर चालू आहे.

डीबीच्या दाराच्या आत आम्ही एक कागद चिकटवलाय, प्रत्येक गटाचं लीकेज आणि स्टेज फीडरच्या न्यूट्रलचा करंट, महिन्यातून एकदा वायरमनने भरायचा. पहिले दोन महिने त्याने भरला नाही. परवाच्या पावसात तिसऱ्या फेजच्या एका गटाचं लीकेज ४ वरून ७ मिलीअँपिअरला गेलं, त्या आरसीसीबीचं आठचं गणित अकरावर पोचलं, आरसीसीबी पडायच्या आधीच त्याचा मला फोन आला आणि गच्चीखालचा फुटका जंक्शन बॉक्स दुसऱ्या दिवशी सकाळी बदलला.